व्हिज्युअल बिल्डरमध्ये डेटावरून यादी उभी करताना

फ्लटरफ्लोमध्ये ‘जनरेट डायनॅमिक चिल्ड्रन’, बबलमध्ये ‘रिपीटिंग ग्रुप’, पॉवर ॲप्समध्ये ‘गॅलरी’, वेबफ्लोमध्ये ‘कलेक्शन लिस्ट’. ही कोड फारसा न लिहिता, स्क्रीनवर घटक मांडून ॲप किंवा साइट बांधायची टूल्स, म्हणजेच व्हिज्युअल बिल्डर. नावं चार, काम एक: एक ओळ आपण हाताने मांडायची आणि डेटात जितक्या नोंदी असतील तितक्या वेळा ती टूलने उभी करायची. पहिली यादी कॅनव्हासवर (टूलमधल्या मांडणीच्या पाटीवर) पटकन दिसते आणि बरेच जण तिथूनच पुढच्या स्क्रीनकडे वळतात. ॲप खऱ्या डेटावर चालायला लागलं की मग प्रश्न सुरू होतात. यादी रिकामी का? सगळ्या ओळींत एकच मजकूर का? स्क्रोल का अडकतोय? पाचशेच्या पुढच्या नोंदी गेल्या कुठे?

या तक्रारींच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात. यादी कुठून आणि कोणत्या रूपात येते, एका ओळीच्या हातात नेमकं काय पडतं, आणि अमुक ओळ म्हणजे अमुक नोंद हे टूल कशावरून ठरवतं. बिल्डरच्या पॅनेलमध्ये या तिन्हींची उत्तरं दोन-तीन ड्रॉपडाउनमध्ये उरकली जातात, त्यामुळे हे वेगवेगळे प्रश्न आहेत हेच जाणवत नाही. खाली मुख्यतः फ्लटरफ्लो आणि बबल धरून लिहितोय. बाकीची टूल्स जिथे वेगळी वागतात तिथेच त्यांचा उल्लेख. उदाहरण सगळीकडे पुस्तकांच्या यादीचं: प्रत्येक नोंदीत आयडी, शीर्षक, लेखक, मुखपृष्ठाची लिंक आणि शिल्लक प्रती.

यादी नक्की कोणती?

एपीआयचं, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागवायच्या सोयीचं, उत्तर बहुतेक वेळा थेट यादी नसतं. बाहेर एक ऑब्जेक्ट असतो, त्यात एकूण संख्या, पान क्रमांक वगैरे, आणि आत कुठेतरी ‘पुस्तके’ या नावाखाली खरी यादी. फ्लटरफ्लोमध्ये एपीआय कॉलच्या ‘रिस्पॉन्स अँड टेस्ट’ टॅबमध्ये एकदा खरा कॉल चालवला की टूल स्वतःच जेसन पाथ (उत्तरातला हवा तो भाग दाखवणारा पत्ता) सुचवतं. त्यात हे दोन पाथ शेजारी शेजारी दिसतात:

$.पुस्तके
$.पुस्तके[:].शीर्षक

पहिल्याने अख्ख्या नोंदींची यादी मिळते, दुसऱ्याने फक्त शीर्षकांची. यादी उभी करायला पहिलाच लागतो. दुसरा पाथ ओळीतल्या टेक्स्टला जोडला तर प्रत्येक ओळीत सगळी शीर्षकं चौकटी कंसात एकापुढे एक छापून येतात, कारण त्या टेक्स्टने पुन्हा मूळ उत्तराकडे जाऊन सगळी यादी मागितलेली असते. ओळीच्या आत पाथ त्या एका नोंदीपासून सुरू होतो: $.शीर्षक. एवढं पक्कं झालं की ‘सगळ्या ओळींत तेच दिसतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा सुटते.

फ्लटरफ्लोमधला क्रम असा. लिस्टव्ह्यू (स्क्रोल होणारी यादी) ठेवा आणि त्यात एकच चाइल्ड, म्हणजे आतला घटक, ठेवा. ही तुमची ओळ. विजेट ट्रीमधून (स्क्रीनवरच्या घटकांच्या उतरंडीतून) लिस्टव्ह्यू निवडा. कॅनव्हासवर क्लिक करून निवडायला गेलात तर हमखास आतली ओळ निवडली जाते आणि क्वेरी (डेटाची मागणी) चुकून ओळीवर लागते. लिस्टव्ह्यूच्या बॅकएंड क्वेरी टॅबमध्ये एपीआय कॉल लावा. मग ‘जनरेट डायनॅमिक चिल्ड्रन’ टॅबमध्ये व्हेरिएबलला एकवचनी नाव द्या, व्हॅल्यूमध्ये एपीआयचं उत्तर आणि वरचा पहिला पाथ निवडा, सेव्ह करा. आता ओळीतला टेक्स्ट निवडून ‘सेट फ्रॉम व्हेरिएबल’मध्ये गेलात की त्या नावाचा आयटम यादीत दिसेल, त्यातून शीर्षक जोडा. एकवचनी नावाचा आग्रह अशासाठी की महिन्याभराने बाइंडिंग (घटकाला जोडलेला डेटा) पाहताना ‘ही नोंद की ही यादी’ हे नावावरूनच कळतं.

फील्ड पाच-सहापेक्षा जास्त असतील तर प्रत्येक ठिकाणी हाताने पाथ टाइप करत बसू नका. ‘डेटा टाइप’ तयार करा आणि एपीआयचं उत्तर त्यात उतरवून घ्या. स्पेलिंग चुकलेला पाथ तक्रार करत नाही, फक्त रिकामा मजकूर देतो. डेटा टाइपमध्ये फील्ड यादीतूनच निवडायची असल्याने ती चूक होऊच शकत नाही. फायरस्टोअर (गूगलचा क्लाउड डेटाबेस) वापरत असाल तर कलेक्शनच्या स्कीमाने, म्हणजे फील्ड आणि त्यांचे प्रकार यांच्या आराखड्याने, हे काम आधीच केलेलं असतं.

बबलमध्ये सुरुवात ‘टाइप ऑफ कंटेंट’पासून होते. तो आधी ठरवायचा, मग ‘डेटा सोर्स’मध्ये ‘डू अ सर्च फॉर’. दोन्हींचा प्रकार जुळला पाहिजे. डिझाइन फक्त पहिल्या सेलमध्ये करायचं. बाकीचे सेल त्याचीच छाया असतात. आतल्या टेक्स्टमध्ये ‘करंट सेल्स बुक’ आणि मग फील्ड. ‘टाइप ऑफ कंटेंट’ मागाहून बदलला तर आतले सगळे संदर्भ लाल होतात आणि एकेक दुरुस्त करावा लागतो, म्हणून तो घाईत निवडू नये. पॉवर ॲप्समध्ये गॅलरीच्या ‘आयटम्स’ला स्रोत द्यायचा आणि आत ‘धिसआयटम’ वापरायचा, इतकंच.

ओळ आधी, यादी नंतर

ओळ स्वतंत्र कंपोनंट (पुन्हा वापरता येणारा तुकडा) म्हणून बांधा आणि तिला नोंद पॅरामीटरने द्या. बबलमध्ये त्यासाठी ‘रीयूजेबल एलिमेंट’ आहे. यादीत ठेवण्याआधी ती ओळ एकटीच एका रिकाम्या पानावर ठेवून तिच्यात मुद्दाम वाईट डेटा घाला. निदान या पाच नोंदी हव्यात: शीर्षक दोनशे अक्षरांचं असलेली, लेखक रिकामा असलेली, मुखपृष्ठाची लिंक तुटलेली, शिल्लक प्रती शून्य असलेली, आणि शिल्लक प्रती हे फील्डच नसलेली. शेवटच्या दोन नोंदी वेगळ्या आहेत. शून्य म्हणजे पुस्तक आहे पण प्रत नाही. फील्ड नसणं म्हणजे माहितीच नाही. दोन्हींवर ‘संपलं’ अशी पट्टी लावणारी अट लिहिणं फार सोपं असतं, आणि ती चूक वापरणाऱ्याला थेट खोटी माहिती देते.

लांब शीर्षकासाठी कमाल ओळी दोन आणि पुढे तीन टिंबं, हे ठीक. पण ज्या रो विजेटमध्ये (घटक आडवे लावणाऱ्या) टेक्स्ट आहे तिथे त्याला एक्स्पान्डेड, म्हणजे उरलेलीच जागा घेणारा, केलं नाही तर तो तीन टिंबांवर न थांबता उजवीकडे बाहेर जातो आणि फ्लटर (फ्लटरफ्लोच्या ॲपखालचं फ्रेमवर्क) पिवळ्या-काळ्या पट्ट्या दाखवतं. मराठी मजकूर असेल तर आणखी एक काळजी: ओळीची उंची ठरावीक आकड्यात बांधू नका. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय असतो. लॅटिन अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या लाइन हाइटमध्ये ‘र्वी’ वरून आणि ‘द्धू’ खालून कापलं जातं. उंची मजकुरावर सोडा. हवीच असेल तर किमान उंची द्या, ठाम नको.

चित्रांचंही इथेच ठरवून टाका. ४००० × ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ फाइल म्हणून लहान असलं तरी उलगडल्यावर प्रति पिक्सेल ४ बाइट धरून मेमरीत सुमारे ४८ मेगाबाइट घेतं. ओळीत ते जेमतेम ६० पिक्सेल रुंद दिसणार असतं. स्क्रीनवर अशा आठ ओळी आल्या की स्वस्त फोनवर ॲप बंद पडतं आणि दोष यादीला दिला जातो. लघुचित्र वेगळं साठवा आणि ओळीला तेच द्या.

उंची कोण ठरवतं?

फ्लटरफ्लोमध्ये सर्वाधिक दिसणारी यादीची चूक म्हणजे ‘व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट’. कारण समजलं की उपाय पाठ करावा लागत नाही. कॉलम (घटक एकाखाली एक लावणारा विजेट) आपल्या मुलांना, म्हणजे आतल्या घटकांना, उभ्या दिशेने ‘हवी तेवढी उंची घ्या’ असं सांगतो. लिस्टव्ह्यू मात्र मिळेल तेवढी सगळी जागा व्यापून आत स्क्रोल करतो. एकाने मर्यादाच घातली नाही आणि दुसऱ्याला मर्यादेशिवाय काम करता येत नाही, म्हणून मांडणी थांबते.

उपाय तीन. लिस्टव्ह्यूला एक्स्पान्डेड करा: वरच्या शीर्षकपट्टीनंतर उरलेली सगळी जागा यादीची, आणि फक्त यादी स्क्रोल होते. बहुतेक स्क्रीनसाठी हाच योग्य. दुसरा, ठरावीक उंची द्या. आडव्या पट्टीसाठी हे चालतं. तिसरा, ‘श्रिंक रॅप’ चालू करून ‘प्रायमरी’ बंद करा आणि स्क्रोल बाहेरच्या कॉलमला द्या. तिसरा उपाय सगळीकडे सुचवला जातो, पण त्याची किंमत सांगितली जात नाही. साधा लिस्टव्ह्यू फक्त दिसणाऱ्या आणि त्याच्या आसपासच्या ओळी बांधतो. श्रिंक रॅपमध्ये त्याला स्वतःची एकूण उंची कळायला हवी, म्हणून अशा मांडणीत तो सगळ्या ओळी एकदम बांधतो. वीस ओळींना फरक पडत नाही. हजार ओळींना स्क्रीन उघडतानाच गोठते. आणि अनंत स्क्रोल लावला असेल तर ‘शेवटची ओळ दिसली’ हे पहिल्याच क्षणी खरं ठरतं, मग पानांमागून पानं मागवली जाऊ शकतात.

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये याचं उलट रूप दिसतं. ओळीच्या लेआउटमध्ये मूळ घटकाची उंची ‘मॅच पॅरेंट’ राहिली तर एक ओळ अख्खी स्क्रीन व्यापते, आणि ‘एकच नोंद येतेय’ म्हणून लोक डेटा तपासत बसतात. एकदा खाली सरकवून पाहा; बाकीच्या नोंदी तिथेच असतात. मूळ घटकाला ‘रॅप कंटेंट’ दिलं की झालं.

दोन ओळींमधली जागा ओळीच्या मार्जिनने नको, यादीच्या ‘आयटम स्पेसिंग’ने द्या. शेवटच्या ओळीखाली उगाच पट्टा राहत नाही.

गाळणी कुठे लागते

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथल्या चुका दिसत नाहीत. यादी व्यवस्थित दिसते, फक्त अपुरी असते.

पॉवर ॲप्समध्ये ‘आयटम्स’ला लावलेलं सूत्र डेटा स्रोताला स्वतः चालवता येत असेल तर सगळं ठीक, त्याला डेलिगेशन म्हणतात. चालवता येत नसेल तर ॲप पहिल्या काही नोंदी आणतं आणि गाळणी फोनवर लावतं. ही मर्यादा डीफॉल्टने ५०० असते आणि सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २००० करता येते. म्हणजे दहा हजार पुस्तकांत शोधताना तुम्ही खरं तर पहिल्या पाचशेतच शोधत असता. शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची माहिती साठवायची सेवा) यादीवर ‘स्टार्ट्सविथ’ डेलिगेट होतं, ‘सर्च’ होत नाही. तपासायची खात्रीशीर पद्धत: ती मर्यादा तात्पुरती १ करा. जी गॅलरी लगेच एका नोंदीवर आली ती डेलिगेट होत नाही. चाचणीच्या डेटात वीसच नोंदी असताना हा दोष दुसऱ्या कशानेच उघडा पडत नाही. ‘क्लिअरकलेक्ट’ने सगळं आधी स्थानिक कलेक्शनमध्ये भरून घेतलं तर सुटेल असं वाटतं, त्यालाही हीच मर्यादा लागते.

बबलमध्ये सर्चच्या आतल्या अटी सर्व्हरवर लागतात. मागे जोडलेल्या ‘फिल्टर्ड’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ अट घातली तर आधी नोंदी ब्राउझरमध्ये येतात आणि मग गाळल्या जातात. शक्य ती प्रत्येक अट सर्चमध्येच घाला. शोधपेटी रिकामी असताना सगळी यादी हवी असेल तर ‘इग्नोर एम्प्टी कन्स्ट्रेंट्स’वर खूण करा, नाहीतर रिकाम्या मूल्याशी जुळणाऱ्या नोंदीच शोधल्या जातात आणि यादी रिकामी येते. सेलच्या आत मात्र ‘डू अ सर्च फॉर’ लिहू नका. ‘या लेखकाची एकूण पुस्तकं’ हा आकडा प्रत्येक सेलमध्ये सर्चने काढला तर पन्नास सेलना पन्नास सर्च होतात. २०२३ पासून बबल वर्कलोड युनिट (सर्व्हरवर झालेल्या कामाचं माप) मोजतं, त्यामुळे हा खर्च वेगासोबत बिलातही दिसतो. आकडा लेखकाच्या नोंदीतच ठेवा आणि पुस्तक जोडताना-काढताना बदला.

फायरस्टोअरमध्ये तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एका फील्डवर समानतेची अट आणि दुसऱ्या फील्डवर क्रम लावला की संयुक्त इंडेक्स (दोन्ही फील्ड मिळून डेटाबेसने ठेवलेली शोधसूची) लागतो. नसेल तर क्वेरी फसते, आणि कन्सोलमधल्या एररमध्येच तो इंडेक्स बनवायची लिंक असते. दुसरं, ज्या फील्डवर क्रम लावला ते फील्ड ज्या डॉक्युमेंटमध्ये नाही ते डॉक्युमेंट निकालातच येत नाही. ‘प्रकाशन वर्ष’ हे फील्ड नंतर वाढवलं आणि त्यावर क्रम लावला की जुनी सगळी पुस्तकं यादीतून गायब होतात, एकही एरर न येता. जुन्या डॉक्युमेंटमध्ये ते फील्ड आधी भरा, मग क्रम बदला. तिसरं, सिक्युरिटी रूल्स गाळणीचं काम करत नाहीत. ‘फक्त स्वतःच्या नोंदी वाचता येतील’ असा नियम असेल आणि क्वेरीने सगळ्या मागितल्या, तर स्वतःच्या तेवढ्या न मिळता पूर्ण क्वेरी नाकारली जाते. तीच अट क्वेरीतही लिहावी लागते. बबलचे प्रायव्हसी रूल्स याच्या उलट वागतात: परवानगी नसलेल्या नोंदी सर्चमधून आपोआप गळतात. एका टूलवरून दुसऱ्यावर येणारे इथे हमखास अडखळतात.

वेबफ्लोची कलेक्शन लिस्ट एका वेळी १०० नोंदींपर्यंत दाखवते, पुढे पेजिनेशन (पानं पाडणं) लावावं लागतं. आणि तिथल्या ‘कंडिशनल व्हिजिबिलिटी’ने लपवलेला घटक पानाच्या एचटीएमएलमध्ये राहतोच. गुपित ठेवायची कोणतीही गोष्ट तिच्या भरवशावर ठेवू नका.

पानं पाडताना ‘पहिल्या ४० सोडून पुढच्या २०’ ही पद्धत सोपी असते, पण वाचणारा खाली सरकत असताना वर एक नवी नोंद आली तर सगळं एक घर खाली सरकतं आणि चाळिसावी नोंद पुन्हा एकेचाळिसावी म्हणून दिसते. ‘या नोंदीनंतरच्या २०’ ही कर्सरची पद्धत घ्या. फायरस्टोअरमध्ये सोडून दिलेल्या नोंदींच्या वाचनाचेही पैसे लागतात, त्यामुळे तिथे तर पर्यायच नाही.

मराठी यादी अकारविल्हे लावायची असेल तर डेटाबेसवर विसंबू नका. फायरस्टोअर मजकुराचा क्रम यूटीएफ-८ च्या बाइटवरून लावतं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे. ‘ॲ’ हे अक्षर तर ‘ह’च्याही पुढे आहे, त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी शीर्षकं थेट तळाला जातात. यावर एकच टिकाऊ उपाय आहे: नोंदीत क्रमासाठी वेगळं फील्ड ठेवा, नोंद साठवताना शीर्षकाला हव्या त्या क्रमाचं रूप देऊन ते भरा, आणि यादीचा क्रम त्याच फील्डवर लावा.

ही ओळ म्हणजे कोणती नोंद?

ओळ फक्त वाचायची असेल तर हा प्रश्न फारसा उगवत नाही. तिच्यात चेकबॉक्स, मजकूर भरायची पेटी किंवा उघडझाप करणारा भाग आला की लगेच उगवतो. पहिली ओळ काढली आणि तिची खूण दुसऱ्या नोंदीवर गेली, किंवा एका पेटीत लिहिलेलं सगळ्या पेट्यांत दिसलं, ही त्याची लक्षणं.

ओळीला ‘की’ (तिची ओळखखूण) दिलेली नसेल तर फ्लटर विजेटची जुळणी जागा आणि प्रकार यांवरून करतं. पहिली ओळ गेल्यावर दुसरी नोंद पहिल्या जागेवर येते आणि तिथली जुनी स्थिती तिला चिकटते. ओळीच्या कंपोनंटला नोंदीच्या आयडीवरून ‘की’ द्या. इंडेक्सवरून (यादीतल्या ओळीच्या क्रमांकावरून) दिलेली ‘की’ म्हणजे पुन्हा जागाच; तिचा काही उपयोग नाही. मजकुराच्या पेटीसाठी तर ओळ कंपोनंट असणं सक्तीचंच समजा. टेक्स्टफील्ड थेट पानावरच्या लिस्टव्ह्यूत ठेवलं तर सगळ्या ओळी एकच कंट्रोलर (पेटीतला मजकूर धरून ठेवणारा भाग) वापरतात; कंपोनंटमध्ये ठेवलं की प्रत्येक ओळीला स्वतःचा मिळतो. तरीही लांबच्या यादीत ओळ दूर सरकली की तिची स्थिती टिकेलच असं धरू नका. भरलेलं मूल्य लगेच पानाच्या स्टेटमध्ये (पानाच्या तात्पुरत्या स्मृतीत) किंवा डेटाबेसमध्ये नोंदवा.

बबलमध्ये हेच काम कस्टम स्टेटने होतं. ‘उघडी की मिटलेली’ ही स्टेट सेलच्या आतल्या ग्रुपवर ठेवली तर प्रत्येक सेलची वेगळी राहते. रिपीटिंग ग्रुपवर ठेवली तर सगळ्यांची मिळून एक. तपशिलाचा पॉपअप सेलमध्ये नको. तो पानावर एकच ठेवा, त्याचा ‘टाइप ऑफ कंटेंट’ पुस्तक करा आणि बटणाच्या वर्कफ्लोमधून ‘करंट सेल’ची नोंद त्याला पाठवा.

एक्सकोडच्या (आयफोन ॲप बनवायचं ॲपलचं टूल) इंटरफेस बिल्डरमध्ये ही मर्यादा टूलच सांगतं. टेबल व्ह्यूच्या प्रोटोटाइप सेलमधलं लेबल व्ह्यू कंट्रोलरच्या (स्क्रीन चालवणाऱ्या कोडच्या) आउटलेटला, म्हणजे घटक आणि कोड यांच्यातल्या दुव्याला, जोडलं तर ‘आउटलेट्स कॅनॉट बी कनेक्टेड टू रिपीटिंग कंटेंट’ असा एरर येतो. लेबल एक आणि ओळी शंभर, आउटलेटने कोणाकडे बोट दाखवायचं? सेलसाठी वेगळा क्लास करून आउटलेट तिथे जोडायचं आणि रीयूज आयडेंटिफायर स्टोरीबोर्ड आणि कोड दोन्हीकडे अक्षरशः सारखा ठेवायचा. तिथे सेल पुन्हा वापरले जातात, म्हणून अट एका बाजूने लिहून भागत नाही. प्रत शिल्लक नसेल तर पट्टी दाखवा, एवढंच लिहिलं आणि ‘असेल तर लपवा’ लिहिलं नाही, की स्क्रोल करताना भलत्याच पुस्तकावर पट्टी दिसते. चित्र उशिरा उतरलं तर ते आता त्या सेलमध्ये आलेल्या दुसऱ्याच नोंदीवर बसतं. सेल पुन्हा वापरण्याआधी जुनं चित्र पुसा, आणि नवं लावण्याआधी आयडी जुळतो का ते पाहा.

इंडेक्सबद्दल आणखी दोन गोष्टी. फ्लटरफ्लोमध्ये तो ० पासून मोजला जातो, बबलमध्ये ‘करंट सेल्स इंडेक्स’ १ पासून. आणि नोंद काढायला इंडेक्स वापरू नका. शोध लावल्यावर दिसणाऱ्या यादीतली तिसरी ओळ मूळ यादीत सतरावी असू शकते. ‘इंडेक्स २ काढा’ म्हटलं की मूळ यादीतली तिसरी नोंद जाते, म्हणजे भलतंच पुस्तक. काढणं, बदलणं, निवडणं, सगळं आयडीने.

रिकामी, येतेय, आली नाही

यादीला तीन वेगळ्या अवस्था लागतात: डेटा येतोय, डेटा आला पण नोंद एकही नाही, आणि डेटा आलाच नाही. पहिल्या दोन एकच समजल्या तर स्क्रीन उघडताच क्षणभर ‘एकही पुस्तक नाही’ दिसतं आणि मग यादी येते. बबलमध्ये रिकामेपणाचा संदेश दाखवायची अट दोन भागांची ठेवा: नोंदींची संख्या ० आहे आणि रिपीटिंग ग्रुप ‘इज लोडिंग’ नाही. शोधामुळे यादी रिकामी झाली असेल तर संदेश वेगळा हवा आणि सोबत शोध पुसायचं बटणही. वेबफ्लोमध्ये ‘एम्प्टी स्टेट’ वेगळी मांडता येते. तिच्यातला तयार मजकूर तसाच ठेवून साइट प्रकाशित करू नका. शोधपेटीच्या प्रत्येक अक्षराला क्वेरी पाठवू नका, ३०० ते ५०० मिलिसेकंद थांबून पाठवा.

यादीत यादी

लेखकाच्या नावाखाली त्याची पुस्तकं, अशी मांडणी मागितली की पहिला विचार येतो लेखकांच्या लिस्टव्ह्यूत पुस्तकांचा लिस्टव्ह्यू ठेवण्याचा. उभ्या यादीत उभी स्क्रोल होणारी यादी ठेवली की बोट कोणाला सरकवतंय हेच ठरत नाही, आणि वर सांगितलेला उंचीचा प्रश्न पुन्हा येतो. आतली यादी छोटी असेल तर ती साध्या कॉलमने उभी करा, त्यालाही डायनॅमिक चिल्ड्रन देता येतात. आतली आडवी असेल तर लिस्टव्ह्यू चालेल, फक्त उंची ठरवून द्या. दोन्ही थरांच्या व्हेरिएबलना वेगळी नावं असू द्या, नाहीतर आतल्या ओळीत बाहेरचाच आयटम जोडला जातो.

पुस्तकं खूप असतील तर दोन थर करूच नका. एकच सपाट यादी घ्या, आधी लेखकावर आणि मग शीर्षकावर क्रम लावा, आणि ओळीच्या वरच्या भागात लेखकाचं नाव एका अटीवर दाखवा: इंडेक्स ० असेल, किंवा आधीच्या नोंदीचा लेखक वेगळा असेल. तुलना नावाऐवजी लेखकाच्या आयडीने करा. एकाच नावाचे दोन लेखक असतात, आणि एकाच लेखकाचं नाव दोन प्रकारे लिहिलेलंही असतं. पानं पाडली असतील तर नव्या पानाची पहिली नोंद त्या पानात ० क्रमांकाची असते, म्हणून लेखक तोच असूनही त्याचं नाव मध्येच पुन्हा छापलं जातं. अशा वेळी तुलना आतापर्यंत आलेल्या सगळ्या नोंदींच्या एकत्र यादीवर करा, चालू पानावर नको.